खड्डा खणा, मग सही करा

यंदाच्या जयंतीला गावी गेलो होतो. मिरवणूक निघाली, निळ उधळली, डीजेपुढं पोरं नाचली, भाषणं झाली. मी पण दोन कविता म्हटल्या, टाळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या सतरा घरांच्या कर्त्या माणसांना एका कागदावर सह्या करायला बोलावणं आलं. घरकुलासाठी जागा मिळतेय. कुठली? ओढ्याच्या काठची, गावाच्या उताराची, काळ्या मातीची पट्टी. माझा बाप अंगठा टेकवायला निघालाच होता. मी मधेच विचारलं, "हितं पावसाळ्यात पाणी किती हातावर येतं?"

सगळे हसले. सरपंचाचा माणूस म्हणाला, "कवी, घर बांधायचंय. विहीर नाय खणायची."

त्या हसण्यात या देशाचं सगळं राजकारण आहे, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

जमीन म्हटलं की आपण सात-बारा बघतो, चौरस फूट बघतो, रस्ता लागून आहे का बघतो. जमिनीच्या पोटात काय आहे हे बघायचं आपल्याला कुणी शिकवलंच नाही. कारण आपल्याला जमीन निवडायची वेळच कधी आली नाही. जी टाकून दिली ती आपली. ज्याच्याजवळ गाव होतं त्यानं उंचवटा घेतला, चांगल्या पाण्याची विहीर घेतली, वारा घेतला. आपल्याला गावकुसाबाहेर, ढाळाच्या खालच्या अंगाला बसवलं. गावाचं सांडपाणी आपल्या दारावरून जाणार, गावाचं मेलेलं ढोर आपल्या दारात येणार. कुठल्याही जुन्या गावात जा आणि पाण्याची बादली चावडीपुढं ओता. पाणी कुठल्या वस्तीकडं धावतं ते बघा. जात कळायला जातीचा दाखला लागत नाही. बादलीभर पाणी पुरतं.

मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मग सनातन्यांनी तळं शुद्ध करून घेतलं. कशानं? दही, दूध, शेण आणि गोमूत्र भरलेल्या १०८ घागरींनी. माणूस शिवला तर पाणी बाटलं, आणि शेणमूत ओतलं तर पाणी शुद्ध झालं! हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. पाण्याला शिवायचा हक्क आपण लढून घेतला. पण आज प्रश्न शिवायचा नुसता राहिलेला नाही. आज हापसा आपल्या वस्तीत आहे, दांडा आपल्या हातात आहे, पण त्याच्यातून काय येतंय? जंतूला जात कळत नाही हे खरं. पण जंतू ढाळानं जातो, आणि ढाळावर कोण बसणार हे जातीनं ठरवलेलं आहे.

आत्याची गोष्ट सांगतो. शेजारच्या तालुक्यात तिच्या वस्तीला सहा वर्षांपूर्वी घरकुलं मिळाली. अशीच काळी जमीन, असाच ओढा. घरामागं सेप्टिक टँक, टँकला लागून शोषखड्डा. खड्डे खणले मे महिन्यात. मेमध्ये काळी माती कशी असते? हात जाईल एवढ्या भेगा. ठेकेदारानं चार बादल्या पाणी ओतलं, घटाघटा पिलं जमिनीनं. "बघा, कसं शोषतंय!" बिल पास.

जुलै आला. काळी माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, जमीन बरणीच्या झाकणासारखी बंद होते. शोषखड्डा भरला, टँक भरला, घाण पाणी अंगणात आलं. बारा फुटांवर हापसा. आधी वास आला, मग पोरांना जुलाब लागले. आरोग्याची बाई छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी बाटलीतलं पाणी काळं. काळं झालं म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू असायची दाट शक्यता. हापशाच्या दांड्याला लाल फडकं बांधलं. आणि बायका पुन्हा डोक्यावर हंडा घेऊन मैलभर.

पुढचं ऐका. टँक उपसायला मैलागाडी चिखलात आत येईना. मग दोन माणसं बोलावली, बादली आणि दोर घेऊन. त्यातला एक आधीच झोकून आला होता. शुद्धीत राहून त्या खड्ड्यात कोण उतरेल? तो आत्याच्या दारात आला, हात जोडले आणि म्हणाला, "जयभीम, ताई."

आत्यानं त्याला उतरू दिलं नाही. चहा पाजला आणि परत पाठवला. पुढं महिनाभर तिचं घर वास घेत बसलं. पण सगळ्याच घरांनी तसं केलं नाही. आपल्याच वस्तीचा मैला, आपल्याच माणसानं, आपल्याच घोषणेच्या तोंडानं उपसला. यात मनूला बोट सुद्धा उचलावं लागलं नाही.

कायदा आहे. २०१३ साली माणसाकडून मैला उपसून घ्यायला बंदी करणारा कायदा आला. त्यात संरक्षणाशिवाय सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १९९३ पासून गटारात आणि टाक्यांत मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख द्या. २०२३ साली ते ३० लाख केले. म्हणजे मरणाचा दर वाढला. मरण थांबलं नाही. टाकीतला वायू कायदा वाचत नाही. झाकण उघडून वाकलेला माणूस दोन श्वासांत आडवा होतो. त्याला काढायला गेलेला दुसरा पण जातो.

तर हे दोन टोकांचं मरण आहे. एका टोकाला ते पाणी पिणारं पोर, दुसऱ्या टोकाला त्या टाकीत उतरणारा माणूस. दोन्ही टोकांना आपणच. आणि मधे काय आहे? चुकीच्या जागेवर केलेली एक सही.

आता तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्यानं हे कुठं शिकलं? दोस्तहो, मी मॅट्रिक आहे, एंजिनियर नाही. पण गोदीत काम करतो. तिथं जहाजाच्या अंगावर एक रेघ रंगवलेली असते. माल चढत जातो तसं जहाज खाली बसत जातं. पाणी त्या रेघेला टेकलं की भरणं बंद. मुकादम बोंबलला तरी बंद. कारण त्यावर भरलं तर जहाज बुडेल हे जहाजाचा मालक जाणतो, आणि जहाज मालकाचं असतं. जमिनीला पण तशीच रेघ असते. पावसाळ्याच्या शेवटी जमिनीखालचं पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं, ती रेघ. पण जमिनीवर बसणारे आपण, मालक नाही. म्हणून ती रेघ कुणी रंगवत नाही. ती आपणच शोधायची.

कशी शोधायची? जवळच्या जुन्या विहिरीत डोकवा. दगडावर पाण्यानं सोडलेले पट्टे दिसतात. सगळ्यात वरचा पट्टा जमिनीपासून किती फुटांवर आहे ते मोजा. म्हाताऱ्या बायकांना विचारा, दिवाळीच्या सुमाराला पोहऱ्याला किती हात दोर लागायचा. त्यांच्या हातांना जेवढं माहीत आहे तेवढं कुठल्या फायलीत नाही. जागेवर लव्हाळा उगवतो का बघा. लव्हाळा कोरड्या जागी मुक्काम करत नाही. आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात अर्ज टाका. ही यंत्रणा १९७२ साली स्थापन झाली. त्याच दुष्काळाच्या साली मुंबईत पँथर जन्मली. या यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, वर्षातून चार वेळा पाण्याची पातळी मोजतात. मेचा आकडा नको म्हणा, पावसाळ्यानंतरचा द्या. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. तो काय फक्त रस्त्याच्या डांबराचा हिशेब मागायला आहे?

दुसरं, पाणी कुठून कुठं जातं. जमिनीखालचं पाणी बहुतेक वेळा वरच्या ढाळासारखंच वाहतं, पण नुसत्या अंदाजावर राहू नका. जागेच्या आजूबाजूच्या तीन विहिरी धरा. गवंड्याकडं पारदर्शक नळी असते, त्या लेव्हल पाइपानं तिन्ही विहिरींचे काठ एकमेकांपेक्षा किती उंच-सखल आहेत ते काढा. मग प्रत्येक काठापासून पाणी किती खोल आहे ते दोरीनं मोजा आणि वजा करा. जिथलं पाणी उंच, तिकडून ते निघतं. जिथलं सखल, तिकडं जातं. पिण्याचं पाणी वरच्या अंगाला, संडास खालच्या अंगाला. एवढंच शास्त्र आहे. आपल्यात गवंडी किती आहेत! दुसऱ्यांच्या बंगल्यांची लेव्हल आयुष्यभर काढली, एकदा आपल्या वस्तीची काढा.

तिसरं, माती. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट दगडाचा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली फुटका, भेगाळलेला दगड, मग अखंड कातळ. काळी माती पाणी सोडत नाही. मुरूम सोडतो. आणि फुटका दगड तर नुसता रस्ताच देतो. भेगेतून गेलेला मैला गाळला जात नाही, तो थेट लांबच्या विहिरीत निघतो. म्हणून जमीन सावकाश शोषते का भसकन, दोन्ही बघायचं. अजिबात शोषत नाही ते वाईट, आणि भसाभस शोषते ते पण वाईट.

हे बघायची रीत सरकारच्याच पुस्तकात आहे. सेप्टिक टँकचं जे भारतीय मानक आहे, आयएस २४७०, त्यात दिलेली आहे. जिथं शोषखड्डा होणार तिथं तेवढ्याच खोलीपर्यंत एक अरुंद खड्डा घ्या. खिळ्यानं त्याच्या बाजू खरवडा, म्हणजे पहारीनं घासून बंद झालेली मातीची तोंडं उघडतील. तळाला दोन इंच खडी टाका. वर फूटभर पाणी भरा आणि रात्रभर राहू द्या. ही रात्र महत्त्वाची. या रात्रीत माती फुगते आणि मेमधली जमीन जुलैसारखी वागायला लागते. ठेकेदार हीच रात्र चोरतो. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर १५ सेंटीमीटर पाणी ठेवा आणि अर्ध्या तासात किती उतरलं ते मोजा. त्यावरून २५ मिलीमीटर उतरायला किती मिनिटं लागतील हे काढा. तीसच्या आत असेल तर शोषखड्डा चालेल. तीस ते साठ असेल तर लांब चर काढून पाणी पसरवावं लागेल. साठच्या वर गेलं तर या जमिनीत शोषखड्डा नाही. म्हणजे नाहीच.

आम्ही केलं. मी, दोन चुलतभाऊ आणि बारावीतली एक पोरगी, तिच्या मोबाइलवर वेळ लावून. पहिल्या दिवशी पाणी भेगांतून पाच मिनिटांत गायब झालं. लोक म्हणाले, झालं ना तुमच्या मनासारखं? आम्ही पुन्हा भरलं, पुन्हा भरलं, रात्री उठून भरलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात पाणी उतरलं पाच मिलीमीटर. हिशेब करा. २५ ला दीडशे मिनिटं. आणि ओढ्याकाठच्या विहिरीतला वरचा पट्टा जमिनीपासून चार फुटांवर. म्हणजे चार फुटांचा खड्डा खणला तर पावसाळ्यात त्याचा तळ पाण्याला टेकणार. विहीर आणि संडास एकाच पाण्यात.

आता अंतराचं बघा. दोन खड्ड्यांच्या संडासासाठी १९८७ चं मानक आहे, आयएस १२३१४. त्याचं म्हणणं असं : खड्ड्याचा तळ पाण्याच्या सगळ्यात वरच्या पातळीपासून २ मीटर तरी उंच असेल आणि माती बारीक असेल, तर विहिरीपासून ३ मीटर अंतर पुरे. तळ तेवढा उंच नसेल तर १० मीटर पाहिजे. सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्याला तर आयएस २४७० मध्ये १८ मीटर. आता आपला प्लॉट ५०० चौरस फुटांचा. समजा २० बाय २५. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी दोरी धरली तर भरते ३२ फूट. १० मीटर म्हणजे ३३ फूट!

कळलं का? एका कोपऱ्यात बोअर आणि दुसऱ्या कोपऱ्यात खड्डा घेतला, मधे घर बांधलंच नाही, तरी अंतर एक फूट कमी पडतं. १८ मीटरची, म्हणजे ५९ फुटांची तर गोष्टच सोडा. आणि आपलं अंतर भरलं तरी शेजाऱ्याच्या खड्ड्याचं काय? म्हणजे ज्यानं ५०० फूट ठरवले त्यानं हेही ठरवलं की पाणी आणि मैला एकत्र नांदणार. जागा दिली म्हणतात. माप घेऊन दिली आहे, आपल्या पोरांच्या जुलाबाचं.

म्हणून एकेकट्या प्लॉटचा विचार इथं लंगडा आहे. सतरा प्लॉट म्हणून बघाल तर हराल. एक वस्ती म्हणून बघा. पिण्याची विहीर वस्तीच्या वरच्या अंगाला एकच, तिथून नळ. प्लॉटमध्ये कुणी बोअर मारायचा नाही. मैल्याचं सगळं खालच्या अंगाला. जमीन मुरमाची आणि पाणी खोल असेल तर दोन खड्ड्यांचा संडास सगळ्यात चांगला. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा. पहिला दोन वर्षं बंद ठेवला की आतल्याचं खत होतं, वास नाही, वायू नाही, कुणाला आत उतरायला नको. जातीचं एक काम या दोन खड्ड्यांनी संपतं. पण दोन्ही खड्डे एकदम जोडायचे नाहीत आणि तळाला सिमेंट ओतायचं नाही. पैसे वाचवायला एकच खणून दुसरा कागदावर दाखवतात, तेही चालू द्यायचं नाही. पाणी वर असेल तर खड्डे जमिनीच्या वर उचलून बांधायचे, भोवती बारीक वाळूचा थर द्यायचा, अंतर पाळायचं. आणि जमीन शोषतच नसेल तर सगळ्या घरांची मिळून एक व्यवस्था पाहिजे, पाइप टाकून, मैलागाडी बारा महिने पोचेल अशा रस्त्यावर. त्याचा खर्च माथ्यावरच्या घरांनी नाही, योजनेनं करायचा.

स्वच्छ भारतचे १२,००० रुपये आले, २०१९ च्या २ ऑक्टोबरला देशातली गावं हागणदारीमुक्त झाली म्हणून जाहीर झालं. संडास मोजले. संडासाखालची जमीन कुणी मोजली?

चळवळीतले काही दोस्त म्हणतील, क्रांती करायची का खड्डे खणायचे? हे एंजिनियरचं काम आहे. मी म्हणतो, एंजिनियर आला होता की आत्याच्या वस्तीत. मेमध्ये आला आणि सावलीत बसून गेला. ज्याला ते पाणी प्यायचं नाही त्याचा आकडा मी का मानू? बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हटलं. ते काय फक्त डिग्रीपुरतं? हापशाच्या पाण्याची परीक्षा, मातीची परीक्षा, ढाळाचं गणित हे पण शिक्षणच आहे. ज्या शाखेत बोर्ड आणि झेंडा आहे तिथं एक पहार, एक टेप, एक लेव्हल पाइप ठेवा. सुट्टीत गावी जाणारा प्रत्येक पोरगा एक खड्डा खणून येऊ दे.

आणि दुसरा आक्षेप माझ्या बापाचा आहे. तो सगळ्यात खरा आहे. बाप म्हणाला, "तुझ्या त्या खड्ड्यापायी माझं घर जाईल. साठ वर्षं पत्र्याखाली काढली. ते म्हणतील, ह्यांना देऊन पण नको, मग देतील दुसऱ्याला. तू मुंबईला जाशील, हितं आम्ही ऱ्हाणार." माझ्याजवळ त्याला सोपं उत्तर नाही. आपल्या माणसाला 'मिळतंय ते घे' असं म्हणायला कुणी भाग पाडलं ते मला माहीत आहे. तरी त्याची भीती खोटी नाही.

म्हणून मी नाकारा म्हणत नाही. नाकारणं सोपं आहे, मुंबईत बसून तर फारच सोपं. मी म्हणतो, हक्क सोडू नका आणि कोरी सही पण देऊ नका. सहीच्या वर लिहा : जागा पाहिजे, पण जमिनीची आणि पाण्याची तपासणी आमच्यासमोर, पाणी रात्रभर मुरवून. गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे, मुरमाचं आहे, ते आधी द्या. नाहीच दिलं तर का दिलं नाही ते लेखी द्या. खालचीच जागा देणार असाल तर वरची विहीर, नळ, उचललेले खड्डे आणि गाडीचा रस्ता या चार गोष्टी घराच्या आधी. ग्रामसभेच्या वहीत ठराव म्हणून लिहून घ्या, पोच घ्या. सतरा जणांनी एकत्र दिलं तर 'दुसऱ्याला देऊ' म्हणायला त्यांना जड जातं. एकेकट्यानं दिलं तर एकेकटा मरतो.

आम्ही तसा कागद दिला आहे. सतरापैकी चौदा सह्या झाल्या. तीन घरं घाबरली, त्यांच्यावर माझा राग नाही. बापानं शेवटी अंगठा दिला, पण माझ्याशी बोलला नाही. एसटीत बसताना फक्त म्हणाला, "पाऊस पडल्यावर येऊन बघ. खड्डा तसाच ठेवतो."

पावसाळ्यात मी जाणार आहे. तो खड्डा पाण्यानं भरलेला असेल, आणि त्याच्या काठावर सरपंचाच्या त्या माणसाला उभं करून मी पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहे. बघू कोण हसतं.

जयभीम.